डोंगर आणि सपाटी, हवा एकच: शरद संपतानाचा अंदाज कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात चार दिवस डोंगरात, १५०० ते ३००० मीटरच्या दरम्यान, आणि मग दोन दिवस सपाटीवरून गाडीने परत. हंगामी आउटलुकमध्ये लिहिलंय तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता, पाऊस साधारण. मग बर्फाची, थंडीची, धुक्याची काळजी करायची का? आणि मागच्या वर्षी अ‍ॅप २ अंश दाखवत असताना तंबूबाहेर उणे ६ कसं काय होतं?

मी शेवटून सुरुवात करते, कारण ते उणे ६ कळलं की बाकीचं अर्धं कोडं आपोआप सुटतं.

तंबू कुठे टाकला होतात ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण मी पैज लावते, दरीच्या तळाला, ओढ्याशेजारची छान सपाट जागा बघून. रात्र निरभ्र, वारा पडलेला, चांदण्या इतक्या स्वच्छ की फोटो काढत बसला असाल. बरोबर ना? मग उणे ६ म्हणजे तुम्ही स्वस्तात सुटलात.

आधी तो अ‍ॅपमधला आकडा येतो कुठून ते बघू. युरोपच्या हवामान केंद्राचं, म्हणजे ईसीएमडब्ल्यूएफचं, संगणकावरचं मॉडेल, जे आमच्या हवामान अंदाजाच्या धंद्यात सगळ्यात भरवशाचं मानलं जातं, ते जमिनीचे साधारण ९ किलोमीटरचे तुकडे पाडतं आणि एका तुकड्याला एकच उंची देतं. आता डोंगरात ९ किलोमीटरमध्ये काय काय मावतं बघा, एक आख्खी दरी, दोन्ही बाजूचे कडे, वरची खिंड, सगळं, आणि मॉडेल त्या सगळ्याची सरासरी काढून एक गुळगुळीत टेकाड बनवतं. तो २ अंशाचा आकडा त्या टेकाडावरचा, आणि ते टेकाड प्रत्यक्षात कुठेच नाही. काही अ‍ॅप मग हुशारी करतात, तुमची खरी उंची घेतात आणि दर १००० मीटरला साडेसहा अंश या हिशेबाने दुरुस्ती लावतात, म्हणजे तुम्ही टेकाडापेक्षा ३०० मीटर खाली असाल तर वर २ अंश वाढवून देतात. उन्हाळ्यात दुपारी हे चालून जातं. शरद संपताना निरभ्र रात्री हीच दुरुस्ती उलटी पडते, कारण त्या रात्री खाली जाल तसं गरम होत नाही, गार होतं.

याला इन्व्हर्जन म्हणतात, तापमानाची उलटापालट. रात्र लांब, आकाश उघडं, जमीन आपली उष्णता वर फेकून देते, जमिनीला लागलेली हवा गार होते, गार हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि सगळ्यात खोल जागी तळं करून बसते. हे तळं तुम्हाला दिसत नाही पण चालताना कळतं, संध्याकाळी उतरताना एका वळणावर अचानक पोटऱ्यांना गार लागतं आणि चार पावलं मागे गेलात की परत ऊबदार. ऑस्ट्रियात ग्रुनलोख नावाचा एक खोलगट भाग आहे, समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेतेराशे मीटरवर, तिथे १९३२ मध्ये उणे ५२.६ मोजलं गेलं होतं. अमेरिकेत युटामध्ये पीटर सिंक्स, १ फेब्रुवारी १९८५ ला उणे ५६.३. ही दोन्ही शिखरं नाहीत, दोन्ही वाटीसारखे खड्डे आहेत, आणि दोन्हीकडे गंमत अशी की झाडं उतारावर आहेत आणि तळाला नाहीत, एरवी वृक्षरेषा वर संपते, इथे खाली संपते. झाडांना जे कळतं ते तंबू टाकणाऱ्यांना कळत नाही असं मी गमतीने म्हणते.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. तळापासून ६०-१०० मीटर वर, उतारावरच्या एखाद्या टप्प्यावर मुक्काम करा, तिथे त्याच रात्री चार-पाच अंश, कधी त्याहून जास्त फरक मिळतो. अगदी माथ्यावर नको, तिथे वारा. वाऱ्याचा हिशेब लोक विसरतात, उणे ५ ला ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे १३ सारखं लागतं. मधला पट्टा सगळ्यात सुखाचा, फळबागावाले हे फार आधीपासून ओळखून आहेत, त्यांच्या बागा तळाला नसतात.

आता महिना नोव्हेंबरच का, इन्व्हर्जन तर कधीही होतं. रात्री लांब होतात हे एक. दुसरं म्हणजे ऊन. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात ४५ अंश अक्षांशावर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण २४ अंशच वर असतो, ३० अंशावर ४० च्या आत. अरुंद दरीत इतकं तिरकं ऊन तळापर्यंत पोचतच नाही, आणि पोचलं तरी तासाभरासाठी, मग रात्री साचलेलं गार तळं दुपारी फुटत नाही, दुसऱ्या रात्री त्यात अजून भर पडते, असं करत करत ते आठवडाभर बसून राहतं. एप्रिलमध्ये तीच दरी दहा वाजता मोकळी झालेली असते.

आणि आता सपाटीकडे येते, कारण सपाटीवरचं धुकं म्हणजे याच गार तळ्याचा थोरला भाऊ आहे. इटलीतलं पो नदीचं खोरं, गंगेचं मैदान, कॅलिफोर्नियाचं सेंट्रल व्हॅली, तिन्ही डोंगरांच्या कुशीतली सपाट मैदानं आणि तिन्ही धुक्यासाठी बदनाम. त्यात कारण तेच, गार हवा खाली बसलेली, वर उबदार हवेचं झाकण, आणि जमिनीत ओल. ओल महत्त्वाची. कॅलिफोर्नियात त्याला टूली फॉग म्हणतात आणि तो हंगामातला पहिला बरा पाऊस पडून गेल्यावर सुरू होतो, म्हणजे लोक ज्या दिवशी म्हणतात की चला पाऊस गेला, आकाश मोकळं झालं, उद्या सकाळी लवकर निघू, ती उद्याची सकाळच धुक्याची असते. मी स्वतः किती जणांना हे सांगून थकले आहे. पाऊस पडत असताना गाडी चालवणं त्रासाचं असतं, पण पाऊस संपल्यानंतरची पहिली पहाट जास्त धोक्याची असते.

शब्दांचा घोळ पण इथेच मिटवून टाकते. दृश्यमानता १००० मीटरच्या खाली आली की त्याला हवामानशास्त्रात धुकं म्हणतात, तेव्हा 'धुकं' एवढंच लिहिलेलं असेल तर गाडी चालवता येते, जपून. भारतीय हवामान खात्याच्या भाषेत २०० मीटरच्या आत दाट आणि ५० मीटरच्या आत अति दाट. अति दाट लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ 'फॉग लॅम्प लावा' असा नाही, 'निघू नका' असा आहे. तसंच थंडीची लाट. खात्याच्या व्याख्येत सपाटीवर किमान तापमान १० किंवा त्याखाली आणि शिवाय नेहमीपेक्षा साडेचार अंशाहून जास्त घसरलेलं असावं लागतं, डोंगराळ भागासाठी मात्र उंबरठा १० चा नाही, शून्याचा. म्हणजे एकाच बुलेटिनमध्ये सपाटीला लाट आणि डोंगराला काहीच नाही असं दिसलं तर डोंगर उबदार आहे असं समजू नका, तिथे मोजपट्टीच वेगळी आहे.

आता आउटलुक. 'सरासरीपेक्षा जास्त तापमानाची शक्यता.' हे वाक्य कसं तयार होतं ते माहीत असलं की त्यावर किती भर द्यायचा ते कळतं. गेल्या तीस वर्षांचा, सध्या १९९१ ते २०२० चा, त्या महिन्याचा हिशेब घेतात आणि त्याचे तीन समान गट करतात, गार, साधारण, उबदार. काहीच माहिती नसती तर प्रत्येकाला ३३ टक्के. आउटलुकमध्ये उबदार गटाला ४५ टक्के लिहिलं असेल तर त्याला लोक 'उबदार असणार' असं वाचतात, पण त्याच कागदावर गार गटाला अजून २० ते २५ टक्के शिल्लक असतात, चारात एक वेळा म्हणजे काही थोडं नाही. आणि हे सगळं महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या सरासरीबद्दल आहे. तीस दिवसांत सव्वीस दिवस दोन अंश जास्त आणि चार दिवस आठ अंश कमी, तरी महिना 'उबदार'च निघतो, आणि तुमची सुट्टी नेमकी त्या चार दिवसांत असू शकते. धरणवाले, वीजवाले, पीक विमावाले यांना आउटलुक उपयोगाचा, सहा दिवसांच्या ट्रिपला त्यावरून कपडे ठरवायचे नाहीत.

एका दिवसात किती उलटू शकतं त्याचं जुनं उदाहरण म्हणजे ११ नोव्हेंबर १९४०, अमेरिकेचा मध्य-पश्चिम सपाट भाग. सकाळ इतकी उबदार की बदकांच्या शिकारीला गेलेली माणसं पातळ कपड्यांत नदीतल्या बेटांवर पोचली, दुपारपर्यंत थंड आघाडी आली, पाऊस, मग गारा, मग हिमवादळ, तापमान धाडकन खाली, शंभराहून जास्त माणसं गेली. सपाटीवर थंड हवेला अडवायला काही नसतं, ती येते तेव्हा तासांत येते. डोंगरात निदान ढग चढताना दिसतात.

आणि मला या 'उबदार' शब्दाबद्दल अजून एक तक्रार आहे, खरं तर हीच मुख्य गोष्ट आहे. उबदार कुठल्या उंचीवर? समजा मोठा जास्त दाबाचा पट्टा येऊन बसला, वरची हवा खाली दबते आणि दबताना तापते, २००० मीटरवर मस्त ऊन, बाह्या वर करून फिराल. खाली सपाटीवर मात्र झाकण अजून घट्ट झालेलं, त्याखाली गार, दमट, धुरकट हवा अडकलेली, दिवसभर राखाडी, ५-६ अंशाच्या वर काही जात नाही. नकाशावर हे सगळं 'सरासरीपेक्षा उबदार'च दिसणार कारण वरची हवा खरंच उबदार आहे. म्हणजे वरची हवा जितकी उबदार तितकी खालची सपाटी गार राहण्याची शक्यता जास्त, निदान वारा नसताना. म्हणून आमच्याकडे कुणी विचारलं 'थंडी किती' तर आम्ही उलट विचारतो 'किती मीटरवर', त्याचा लोकांना राग येतो पण इलाज नाही.

बर्फाचंही तसंच, पाऊस का बर्फ हे उंचीवर ठरतं. अंदाजात शून्य अंशाची पातळी म्हणून एक आकडा असतो, समजा २००० मीटर. लोक समजतात बर्फ २००० च्या वरच पडणार. पण हिमकण शून्याची पातळी ओलांडून खाली आला की लगेच वितळत नाही, त्याला वेळ लागतो, म्हणून बर्फरेषा साधारण २००-३०० मीटर खाली धरायची, म्हणजे १७०० च्या आसपास. हा झाला नेहमीचा हिशेब, आणि शरद संपताना तो दोन कारणांनी फसतो.

पहिलं कारण कोरडी हवा. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून हलवलं तर पारा खाली येतो ना, तेच पडणाऱ्या थेंबांच्या बाबतीत होतं, कोरड्या हवेत ते थोडे वाफ होतात आणि भोवतालची हवा गार करतात. हवा ४ अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल तर हे ओल्या फडक्याचं तापमान शून्याच्या खाली निघतं, म्हणजे ४ अंशात सुरू झालेला 'पाऊस' अर्ध्या तासात बर्फ होऊ शकतो. अ‍ॅपमध्ये ४ बघून निर्धास्त राहणाऱ्यांची इथे फसगत होते.

दुसरं कारण जोराची वृष्टी, आणि यात मी स्वतः तोंडावर आपटले आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका ऑफिसात रात्रपाळीला होते, ऑक्टोबरचा शेवट, मी बर्फरेषा १८०० मीटर लिहून दिली, मोकळ्या हवेचं तापमान बघून, आकडा अगदी पुस्तकी बरोबर होता. रात्री वृष्टी जोराची झाली, वारा नव्हता, दरी अरुंद. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते आणि ती येते आजूबाजूच्या हवेतून, मोकळ्या जागी वारा नवी उबदार हवा आणून देतो पण बंद दरीत आणणार कोण, तर वितळणाऱ्या बर्फाने दरीतली हवाच शून्यावर आणून ठेवली आणि पहाटे १२०० मीटरवरचा रस्ता पांढरा होता. वरच्या खिंडीतून उतरलेल्या गाड्या अडकल्या. हवामानाचा नकाशा रात्रभर बदलला नव्हता, बदललं होतं फक्त पावसाचं प्रमाण. तेव्हापासून जोराची वृष्टी, शांत वारा आणि अरुंद दरी हे तीन एकत्र दिसले की मी बर्फरेषेतून ५०० मीटर खुशाल वजा करते, सहकारी हसतात, हसू देत.

प्रमाणाबद्दल एवढंच की १० मिलिमीटर पाण्याचा ढोबळमानाने १० सेंटिमीटर बर्फ होतो, पण या दिवसांतला बर्फ ओला आणि जड असतो, कमी भरतो, आणि झाडांवर पानं अजून असतील तर फांद्या मोडून रस्त्यात पडतात. कडाक्याच्या थंडीतला भुसभुशीत बर्फ त्याच पाण्यात १५-२० सेंटिमीटर होतो.

बर्फ पडला नाही म्हणजे सुटलो असंही नाही. उबदार वादळात शून्याची पातळी ३००० च्या वर जाते, म्हणजे जे पाणी डोंगरावर बर्फ होऊन थांबलं असतं ते सगळं पाऊस होऊन लगेच खाली धावतं. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत दक्षिणेकडच्या उबदार वाऱ्याने असंच केलं, आर्नो नदी फ्लॉरेन्स शहरात घुसली आणि त्याच दिवशी वेनिसमध्ये समुद्राचं पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं. २९ ऑक्टोबर २०१८ ला त्याच भागात जवळपास तसाच वारा, वेनिसमध्ये १५६ सेंटिमीटर आणि डोलोमाइट्सच्या डोंगरात लाखो झाडं आडवी. एकच वारा, डोंगरात जंगल झोपवतो आणि खाली शहरात पाणी भरतो. सरासरीपेक्षा उबदार शरद म्हणजे सौम्य शरद असं जे आपल्या डोक्यात असतं ना, ते काढून टाका.

आता डोंगराच्या पलीकडच्या बाजूचं, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाची सपाटी. हे मला फार आवडतं म्हणून थोडं लांबेल. हवा डोंगर चढताना गार होते, पण कोरडी असताना दर १००० मीटरला जवळजवळ १० अंश आणि ढग धरायला लागली की फक्त ६ च्या आसपास, कारण वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. उतरताना मात्र ढग संपलेले, पूर्ण कोरडी, तेव्हा १० च्याच दराने तापते. हिशेब करून बघा: वाऱ्याकडच्या पायथ्याला १० अंश, पहिले ५०० मीटर कोरडे, राहिलं ५, पुढचे १५०० मीटर ढगात, राहिलं उणे ४, पाऊस-बर्फ तिथेच सांडला, आता पलीकडे २००० मीटर उतार, पोचताना १६ च्या आसपास. त्याच उंचीवर, त्याच हवेला, सहा अंश फुकट मिळाले. आल्प्समध्ये याला फॉन म्हणतात, अमेरिकेतल्या रॉकीज पर्वताच्या पूर्वेला चिनूक. साउथ डकोटातल्या स्पिअरफिश गावात २२ जानेवारी १९४३ ला सकाळी दोन मिनिटांत पारा उणे २० वरून ७ वर गेला होता, चिनूकनेच, आणि चिनूक थांबल्यावर परत उणे २० ला. म्हणजे माथ्यावर हिमवादळ आणि खाली सपाटीवर शर्टात माणसं, हे एकाच दिवशी, एकाच हवामान अंदाजात असू शकतं आणि दोन्ही बरोबर असतं. ओळखायचं कसं, तर डोंगरमाथ्यावर ढगाची भिंत एका जागी थांबलेली आणि तुमच्या डोक्यावर निळं आकाश, हवा अचानक कोरडी, ओठ फुटतात.

हा कोरडा उतरता वारा दिसतो गोड पण असतो वाईट. ८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियात पॅराडाइज गावाजवळ आग लागली तेव्हा शरदातला पाऊस अजून आलाच नव्हता, गवत वाळून कोरडंठाक झालेलं, आणि डोंगरावरून असा वारा सुटलेला, ८५ माणसं गेली. आणि त्यानंतर काय झालं तर वारा पडला, खालच्या खोऱ्यात तेच झाकण बसलं आणि धूर जवळजवळ दोन आठवडे सपाटीवर कोंडून राहिला, २१ नोव्हेंबरच्या पावसाने धुतला तेव्हा गेला. आधी डोंगराचा वारा, मग सपाटीची कोंडी, पंधरा दिवसांत दोन्ही.

आणखी एक, लांबच्या समुद्राकडे बघायला विसरू नका, खासकरून हिमालयात जाणार असाल तर. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे तिथे निरभ्र आकाशाचा हंगाम आणि बंगालच्या उपसागरात मात्र चक्रीवादळांचा हंगाम. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद विशाखापट्टणमला धडकलं, सपाटीवर विरत गेलं, पण त्याची ओल उत्तरेला जाऊन पश्चिमेकडून येणाऱ्या थंड हवेच्या पट्ट्याला भेटली आणि १४ तारखेला नेपाळात ५४१६ मीटरच्या थोरोंग ला खिंडीच्या परिसरात प्रचंड बर्फ पडला, अन्नपूर्णा-धौलागिरी भागात मिळून किमान ४३ जणांचा जीव गेला. किनारा तिथून हजार किलोमीटरहून लांब. दोन दिवस मिळाले होते, वादळाची बातमी सगळीकडे होती, पण ती 'किनाऱ्याची बातमी' म्हणून वाचली गेली. आणि नोव्हेंबरपासून पुढे पश्चिमी झंझावात, वेस्टर्न डिस्टर्बन्स, भूमध्य समुद्राकडून येणारे, त्यांचा क्रम पाठच करून ठेवा: आधी वर ढग आणि बर्फ, खाली रात्री उबदार कारण ढगांचं पांघरूण, मग ढग गेले की वायव्येचा वारा, सपाटीवर पारा खाली, आणि वारा पडला की धुकं. डोंगरात वाईट हवा संपते तेव्हा सपाटीवर सुरू होते.

म्हणून तुमच्या सहा दिवसांसाठी मी काय करेन ते सांगते. आठवडाभर आधी एकच आकडा बघणार नाही, एन्सेंबल बघेन, म्हणजे मॉडेल थोड्या थोड्या वेगळ्या सुरुवातीने पन्नासेक वेळा चालवतात ते, आणि त्या रेघा एकत्र आहेत का विस्कटलेल्या एवढंच बघेन, विस्कटलेल्या असतील तर अंदाजाला अजून अर्थच नाही, रोज सकाळी अ‍ॅप उघडून जीव खाऊ नका. तीन दिवस आधी शून्याची पातळी, आणि १५०० व ३००० मीटरचा वारा; चार्टवर उंचीऐवजी हवेचा दाब लिहितात, तेव्हा हे ८५० आणि ७०० हेक्टोपास्कल म्हणून दिसेल. आदल्या संध्याकाळी दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानापर्यंत हवा गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते. सूर्यास्ताला तापमान आणि दवबिंदू यात दोन-तीन अंशांचंच अंतर असेल, आकाश मोकळं आणि वारा झाडाचं पान हलेल इतपतच, तर सपाटीवर पहाटे धुकं धरून चाला, अ‍ॅपने सूर्याचं चित्र काढलेलं असलं तरी. ते चित्र खोटं नसतं, सूर्य असतोच, फक्त धुक्याच्या वर असतो.

कपडे उबदार आउटलुक विसरूनच घ्या, उणे १० चा हिशेब धरून. सावलीतल्या उत्तर उतारावर ऑक्टोबरचा जुना पातळ बर्फ असेल आणि त्यावर नवा पडला असेल तर त्या उतारावर जाऊ नका, पातळ थर आत साखरेसारखा दाणेदार होतो आणि वरचा भार धरत नाही. हा खरं तर वेगळा विषय आहे.

परतीच्या दिवशी सकाळी निघायच्या आधी खाली बघा. पायथ्याला पांढरी चादर सपाट, कडा रेखल्यासारखी पसरलेली दिसली तर ते धुकं आहे आणि तुम्ही झाकणाच्या वर उभे आहात. ते कडेकडून आत विरघळत जातं, मध्य सगळ्यात शेवटी, तेव्हा तुमचा रस्ता मैदानाच्या मधून जात असेल तर अकरापर्यंत तरी थांबा, पुलांवर दहिवर गोठलेलं असतं तेही तोवर उतरेल. वर ऊन असेल, बसा निवांत.